थोरल्याचा दुसरा पुतळा

आमच्या घराण्यात साधी धामण निघाली तरी संध्याकाळपर्यंत तिचा नाग होतो आणि पाहुणे जेवायला बसेपर्यंत त्याला दुसरा फणा फुटतो. वडील एसटीत ड्रायव्हर होते. फोंड्याच्या घाटात ब्रेक गेलेली गाडी आपण नुसत्या शिव्या घालून थांबवली, असं ते आयुष्यभर सांगत आले, आणि ऐकणाऱ्यांतले निम्मे जण 'व्हय की, मी व्हतो त्या गाडीत' म्हणून साक्ष देत आले. त्याच रक्ताचा मी. तेव्हा पुढं जे सांगतो त्यातलं थोडं तुम्ही आपापल्या मनानं कापून घ्या. फक्त भीतीला हात लावू नका. ती मी आधीच कमी करून सांगतोय.

शिमगा होऊन गेला होता. दुपारी दारात रिक्षा थांबली आणि तिच्यातून सत्तरीची एक बाई उतरली. उंच, सावळी, डोक्यावर उन्हाची टोपी, टोपीखाली रुपयाएवढं कुंकू. दारात उभी राहून तिनं आधी आमच्या गावाचं नाव घेतलं, मग गावदेवीचं, मग ओढ्यावरच्या वडाचं. मी म्हटलं, ही देवीची जोगवा मागणारी दिसते, आणि खिशात हात घातला. तर ती म्हणाली, "पैसं नको. मी तुमच्या घरातली आहे."

ती आली होती मॉरिशसहून. तिकडं तिच्या घरी देवापुढं नारळ फोडताना एक गाऱ्हाणं घालत. त्यात गाव, देवी आणि वड, या तिघांची नावं होती. अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता, तिच्या वडलांनाही नाही, पण एक शब्द इकडचा तिकडं होऊ दिला नव्हता. त्या गाऱ्हाण्याचं बोट धरून बाई गारगोटीच्या पुढं आमच्या गावात पोचली. गावानं सांगितलं की या घराची माणसं आता कोल्हापुरात असतात, आणि तिला रिक्षात बसवून दिलं. रिक्षा गारगोटीहून थेट आली असं मी सगळ्यांना सांगतो. खरं तर स्टँडवरून आली.

चहा होईतो नातं जुळलं. तिचे पणजोबा आणि माझे पणजोबा सख्खे भाऊ. तिचे थोरले, माझे धाकटे. म्हणजे ती माझी आक्का. वडील तिच्यापेक्षा मोजून थोडेच मोठे, तरी ती त्यांना काका म्हणाली आणि वाकून पाया पडली. वडील एकदम देवळातल्या खांबासारखे ताठ झाले.

आता आमच्या घरात तो थोरला तीन वेळा मेलेला होता. एका आजीच्या मते त्याला घाटाखाली वाघानं नेलं. दुसरीच्या मते तो पुरात गेला. चुलत आजोबा सांगत की गोसाव्यांनी भस्म फुंकून पळवला. म्हैस विकण्यावरून धाकट्या भावाशी त्याची बाचाबाची झाली आणि तो तसाच घाट उतरून कोकणात गेला, एवढ्यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. आक्कानं पुढचं सांगितलं. बंदरावर त्याला मुकादम भेटला. जहाजात बसला. तिकडं उसाच्या मळ्यात कामाला लागला, तिकडचीच एक मराठी बाई केली, पोरंबाळं झाली.

"ऊस तोडाय गेला?" वडील ओरडले. "समुद्र ओलांडून? अगं, हितं काय उसाचा दुष्काळ पडला व्हता?"

"तेव्हा नसंल ऊस हितं," मी म्हटलं.

"तू गप. तू व्हतास काय?"

सगळे हसले. आई हसली नाही. तिनं कप खाली ठेवला आणि म्हणाली, "पण आपण त्यास्नी जाळलंय की."

"जाळलं म्हणजे?" आक्कानं विचारलं.

बारा वर्षं माणसाचा पत्ता नाही म्हटल्यावर त्याचा दर्भाचा पुतळा करून जाळायचा, अशी तेव्हा रीत होती. माझ्या पणजोबांनी भावाचा पुतळा केला. माणसाच्या उंचीचा. त्याचंच धोतर नेसवलं, त्याचाच पटका बांधला, ओढ्यावर नेऊन अग्नी दिला, दहा दिवस सुतक धरलं. त्याच वेळी हा बाबा समुद्रापार ऊस तोडत होता आणि बहुतेक शिट्टी वाजवत होता.

आक्काला गंमत वाटली. "म्हणजे दोनदा मेला माझा पणजोबा!"

आई पुढं बोलणार होती. वडलांनी डोळा मारला आणि मोठ्यांदा विचारलं, "जेवाय काय करालीयास? पोरगी किती लांबनं आलीया."

न बोललेलं ते एवढंच की थोरला गेला तेव्हा मागं त्याची बायको होती. घरात तिला नुसतं 'थोरली' म्हणत. ज्या दिवशी दर्भाचा पुतळा जळाला त्या दिवशी बायकांनी तिला धरून बसवली आणि तिचं कुंकू पुसलं. ती म्हणत राहिली, "त्ये जित्ते हायत. मला ठाव हाय." कुणी ऐकलं नाही. पुढं मानमोडीच्या तापात, एकोणीसशे अठराच्या साथीत, ती गेली. पोरबाळ नव्हतं. सर्वपित्रीला सगळ्यांची पानं वाढून झाली की शेवटी तिच्या नावाचा घास, एवढंच तिचं उरलं. हे आईला तिच्या सासूनं सांगितलं, सासूला तिच्या सासूनं. आमच्या घरातली ही एकच गोष्ट, जिला कुणी तिखटमीठ लावलं नाही.

आक्काचं खरं काम दुसऱ्या दिवशी कळलं. तिकडं घराच्या अंगणात छोटं देऊळ आहे. त्याच्या पुढं पणजोबाचा अर्धपुतळा बसवायचा, आणि तो त्याच्याच मुलखात घडवून न्यायचा. कोल्हापुरात पुतळे घडवणाऱ्यांना तोटा नाही. नदीच्या अंगाला एक कारखाना माझ्या ओळखीचा होता. शिल्पकार पन्नाशीचा, बोलायला फटकळ. त्यानं विचारलं, "फोटो?"

फोटो नव्हता. उसाच्या फडात कोण फोटो काढतोय?

"मग काय माझ्या सासऱ्याचा करू? त्याच हाडाचा माणूस आणा कोण तर समोर बसवायला."

त्या रविवारी भाऊबंद गोळा केले. वडगावच्या बाजारात बैल बघावा तसा शिल्पकार एकेकाचं थोबाड धरून उजेडाकडं वळवत होता. आक्का तिच्या वडलांनी सांगितलेली खूण सांगत होती: कान लांब, नाकाचं हाड मधेच उचललेलं, डावी भुवई वर चढलेली, जशी काय समोरच्याचं खोटं पकडलंय. सगळ्यांच्या माना वडलांकडं वळल्या. वडलांची डावी भुवई जन्मभर तशीच होती. त्या क्षणी ती आणखी वर चढली.

"मी म्हटलंच व्हतं," ते म्हणाले. काही म्हटलं नव्हतं.

आक्का परत गेली. तिचा नवरा तिकडं एकटा होता आणि त्याला चहासुद्धा करता येत नव्हता. पुतळा झाला की न्यायला येते, म्हणाली.

ती गेल्यावर आईनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. लसूण सोलत होती. वर न बघता म्हणाली, "ह्यास्नी बसवू नकोस."

"का?"

"या घरात माणसाचा पुतळा झाला की त्येच्या बायकोचं कुंकू जातंय. एकदा झालंय."

"आई, तो दर्भाचा होता. हा थोरल्याचा आहे, वडलांचा नव्हे."

"तोंड कुणाचं हाय?"

यावर मी पुष्कळ बोललो. मला बोलता येतं. शास्त्र काढलं, मॉरिशसची विमानसेवा काढली. ती लसूण सोलत राहिली. तिच्या हाताखाली पाकळ्यांचा ढीग वाढत गेला. तेवढ्या लसणीची आम्हांला महिनाभर गरज नव्हती.

पहिल्या दिवशी कारखान्यात लोखंडी सळई आणि लाकडाचा सांगाडा तेवढा उभा होता. वडलांना उंच स्टुलावर बसवलं. शिल्पकार मापं घ्यायच्या कॅलिपरनं कानापासून कान, भुवईपासून हनुवटी मोजत होता आणि वडील घाटातली गाडी थांबवत होते. त्या दिवशी गाडीत दोन आमदार आणि एक बाळंतीण वाढली. शिल्पकार हसून मातीचा गोळा चुकीच्या जागी थापायचा आणि पुन्हा काढायचा. मला वाटलं, आईचं काय ऐकायचं, बरं चाललंय.

मग माती भरत गेली. कवटी झाली, मान झाली. काम संपलं की शिल्पकार त्या डोक्यावर ओलं फडकं गुंडाळी, वर प्लॅस्टिक बांधी. नाहीतर माती वाळून तडकते. निघताना मागं वळून पाहिलं की फळीवर ते गुंडाळलेलं मुंडकं बसलेलं असे आणि फडक्यातून पाणी ठिबकत असे. मी वळून बघायचं बंद केलं. वडील मात्र दारात थांबून बघत.

ज्या दिवशी डोळे झाले त्या दिवशी ते गप्प झाले. मातीच्या डोळ्यात बुबुळाच्या जागी एक खोल भोक पाडतात, सावली पडून नजर यावी म्हणून. शिल्पकारानं भोक पाडलं, बाजूला झाला, आणि फळीवरून वडील वडलांकडं बघायला लागले. गाडीतली बाळंतीण अर्ध्या घाटात तशीच राहिली.

घरी येताना स्कूटरवर मागून त्यांचा आवाज आला. "जिन्यानं दम लागतोय मला."

मी स्कूटर कडेला घेतली. तुम्हांला हे साधं वाटेल. पण पन्नास वर्षांत या माणसानं 'दम लागतोय' असं कधी म्हटलं नव्हतं. एकदा पाय मोडला तेव्हा सुद्धा 'रस्त्याला खड्डा पाडून आलो' म्हणाले होते. मी विचारलं, "किती दिवस?"

"झालं असतील बरंच दिवस. चल."

त्या आठवड्यात शेजारचे निवृत्त कंडक्टर गप्पा मारायला आले. ते म्हणाले, "सांगा की त्यो घाटाचा किस्सा, नातू आलाय माझा." वडील म्हणाले, "ब्रेक गेला न्हवता. जरा ढिला व्हता. दाबल्यावर लागला." शेजारच्या काकांनी चहा न पिता काढता पाय घेतला. आई दाराआड उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मी नजर चुकवली.

पुढं पुढं शिल्पकार माती लावण्याऐवजी काढू लागला. कॅलिपर लावायचा, मान हलवायचा, गालावरून एक पापुद्रा खरवडायचा. एकदा वैतागून म्हणाला, "मामा, गाल कुठं ठिऊन आलासा? काल हितं व्हतं."

वडील हसले. हसणं बरोबर नव्हतं.

खरवडलेली माती बादलीत पडायची. मी त्या बादलीकडं बघत बसायचो. माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. लोखंड, रबर, ग्रीस यांच्यात दिवस जातो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही असं मी चौकात ओरडून सांगतो. पण त्या बादलीत रोज माझे वडील चिमूटचिमूट जमा होत आहेत, असं मला दिसायला लागलं. शिल्पकारानं ती माती दुसऱ्या कामाला वापरू नये म्हणून मी बादलीवर एक फरशी ठेवून आलो. का ठेवली ते त्यानं विचारलं. मी म्हटलं, "मांजर घाण करतंय." कारखान्यात मांजर नव्हतं.

घरी आई रोज एकच विचारी, "आज काय झालं?"

"कान."

दुसऱ्या दिवशी, "आज?"

"ओठ."

"आता काय राह्यलं?"

मी म्हणे, अजून पुष्कळ आहे. पण फारसं राहिलं नव्हतं.

एका सकाळी वडील स्टुलावरून हळूच बाजूला कलले. पडले नाहीत. शिल्पकारानं मातीच्या हातांनीच त्यांना धरलं, त्यामुळं दवाखान्यात नेईतो त्यांच्या सदऱ्यावर दोन ओले पंजे उमटलेले होते. नर्सनं विचारलं, हे काय?

दोन दिवस तपासण्या झाल्या. हृदयाची झडप खराब झालेली होती. डॉक्टर म्हणाले, ही आजची गोष्ट नाही, वर्षानुवर्षं चाललेलं असणार. भूक मेली, वजन उतरलं, ते त्याचंच. ऑपरेशन करावं लागेल. वय बघता जोखीम आहे. मी आईला सगळं नीट समजावून सांगितलं, 'वर्षानुवर्षं' हा शब्द दोनदा सांगितला. ती म्हणाली, "मला तिकडं घिऊन चल."

"दवाखान्यात?"

"मातीकडं."

वाटभर ती पदर सावरत होती. पदराखाली हातात काहीतरी होतं. कारखान्यात पोचल्यावर दिसलं, ते वरवंटा होता. घरातला पाटावरचा वरवंटा घेऊन ती बाई रिक्षातून आली होती.

शिल्पकार आदल्या दिवशी मेहुण्याच्या लग्नाला आजऱ्याला गेला होता. नुकताच परतला होता, कपाळाला अक्षतासुद्धा होत्या. आईला बघून तो उठला, तिच्या हाताकडं पाहिलं आणि भिंतीला लागला. "मावशी, ऐका की..."

"फडकं काढ."

त्यानं प्लॅस्टिक सोडलं, फडकं काढलं. चैत्राचं ऊन, वर तापलेला पत्रा, आणि एक दिवस पाणी मारलेलं नव्हतं. फडकं कडक झालं होतं, कानापाशी चिकटलं होतं. ते सुटलं आणि आम्हां तिघांनाही दिसलं: कपाळाच्या कडेपासून डोळ्याच्या खाचेपर्यंत एक बारीक तडा गेला होता.

आईच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आधी कधी ऐकला नव्हता आणि पुन्हा ऐकायची माझी तयारी नाही. वरवंटा खाली पडला, फरशीचा टवका उडाला. "पाणी आण! अरं, बघतोस काय मुडद्या, पाणी आण!"

शिल्पकार धावला. तिनं ओंजळीनं पाणी घेतलं आणि त्या कपाळावर हळूहळू लावायला लागली, जसं ताप आलेल्या माणसाला लावतात. फोडायला आलेली बाई आता तडा बुजवत होती. मला त्या क्षणी समजलं. पुतळा पुरा करायची भीती होतीच. आता तो मोडायचीही भीती आली. पुरा झाला तर वडील जातील, आणि तडकला तर... आम्ही अडकलो होतो.

तेव्हापासून आई तिथंच. सकाळी दवाखान्यात वडलांना पेज पाजायची आणि मग कारखान्यात येऊन बसायची. कारखान्यातलं फडकं तिनं फेकून दिलं आणि आपलं जुनं मऊ सुती लुगडं फाडून गुंडाळलं. शिल्पकाराला हात लावू देईना. तो मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "अवो, आठ-दहा कामं थांबल्यात माझी. गिऱ्हाईक आलं की मावशी त्यास्नी दटावत्यात, मोठ्यांदा बोलू नगा म्हणून. एक नगरसेवक आपला पुतळा बघाय आला, त्येला चपला काढाय लावल्या!"

"मग?"

"काढल्या की त्येनं."

ऑपरेशनच्या दिवशी मला वाटलं, ती दवाखान्यात येईल. ती म्हणाली, "तिकडं डॉक्टर हायत. हिकडं कोण हाय?" मी एकटा दवाखान्यातल्या बाकावर बसलो. चुलतभाऊ आले, बोलले, गेले. थिएटरच्या दारावरचा लाल दिवा बघून बघून मला सगळीकडं लाल दिसत होतं. मधेच फोन वाजायचा.

"हिकडं ओलं हाय. तिकडं?"

"अजून आत हायत."

मी तिच्याच बोलीत बोलत होतो हे माझ्या नंतर लक्षात आलं. पुन्हा फोन. "ओलं हाय. तिकडं?" "आत हायत." असं किती वेळ चाललं ते सांगत नाही, कारण मी सांगितलं तर तुम्ही त्यातही कापाल.

शेवटी डॉक्टर बाहेर आले, तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि म्हणाले, चांगलं झालं. मी त्यांच्या पायांशी वाकलो, ते दचकून मागं सरकले. मग आईला फोन लावला. वाजत राहिला. उचलेना. पुन्हा लावला. उचलेना. वडील वाचल्याची बातमी हातात घेऊन मी दवाखान्याच्या जिन्यात उभा होतो. एकाएकी वाटलं, तिकडं माती फुटली. मग वाटलं, माती नाही, आईच. कुणाचा तरी जीव घेऊन हिशेब पुरा करायचाच तर तो असाही होऊ शकतो, हे इतके दिवस माझ्या डोक्यात कसं आलं नाही? मी स्कूटर कशी चालवली ते ठाऊक नाही. सिग्नल दिसले नाहीत. कारखान्याचं दार ढकललं.

आई स्टुलावर बसलेली. दोन्ही हात कोपरापर्यंत मातीनं माखलेले. फोन समोर फळीवर वाजून वाजून गरम झालेला.

"हात भरल्यात," ती म्हणाली. "कसा उचलू?" मग माझं तोंड बघून तिनं ते हात तसेच स्वतःच्या तोंडावर घेतले.

वडील महिनाभरात घरी आले. काठी धरून गॅलरीत बसू लागले, दोन घास जास्त जेवू लागले. भीती मात्र त्यांच्याबरोबर दवाखान्यातून सुटून आली नाही, ती कारखान्यात फळीवर होती. वळवाचे ढग यायला लागले तसा शिल्पकार माझ्या दुकानात येऊन बसला. साचा आत्ताच घ्यायला हवा. मातीवर प्लॅस्टर थापायचं, ते धरलं की आतली माती उकरून काढायची, आणि त्या पोकळीवरून पुढचं ओतकाम. पावसाळी हवेत प्लॅस्टर वाळायला दिवस जातात. आई माझा डबा घेऊन दुकानात आली होती. तिला हे सांगितलं तर तिनं एकच विचारलं, "नाकातोंडावर थापायचं?"

"व्हय, मावशी."

"आणि मग आतनं उकरायचं?"

शिल्पकारानं माझ्याकडं पाहिलं. मी दुकानातले फॅनबेल्ट मोजायला लागलो.

त्याच सुमाराला आक्काचा फोन आला. काका कसे आहेत, पुतळा कुठवर आला. आईनं माझ्या हातातून फोन घेतला. वडील गॅलरीत होते, त्यांनी डोळा मारायला मान वळवली, पण आईनं त्यांच्याकडं पाठ केली आणि थोरलीचं सगळं सांगून टाकलं. कुंकू कसं पुसलं तेही. फोनचा आवाज मोठा होता, मलाही ऐकू येत होतं.

मग आक्काचा आवाज आला, बारीक. "आमच्याकडं कुणाला ठाऊक नाही. त्याची बायको होती?"

"व्हती."

"तिला पोरं?"

"न्हाईत. मला एक सांग. त्यो गेला कधी?"

"पणजोबा? उशिरा. माझ्या बापसानं त्याला पाहिलंय. दात नव्हते, फणसाखाली बसायचा, पोरांना काठी दाखवायचा."

"तुझा बाप केवढा व्हता तवा?"

"शाळेत जात होता."

आईनं फोन कानावरून काढला आणि मांडीवर ठेवला. तिकडं आक्का 'काकी, काकी' करत होती. आई बोटांवर काहीतरी जुळवत होती. मानमोडीत थोरली गेली तेव्हा या आक्काच्या बापाचा जन्मसुद्धा नव्हता. थोरला त्यानंतर कितीतरी वर्षं फणसाखाली बसला होता.

"म्हंजे ती अहेव गेली," आई म्हणाली. कुणाला उद्देशून नव्हे. "नवरा जित्ता असताना गेली. विधवा न्हवतीच की ती कधी. त्यो पुतळा जाळला तरी थोरल्याला काय झालं न्हाय. पुतळ्यानं काय बी केलं न्हाय. जे केलं ते आपल्या माणसांनी केलं."

गॅलरीतून वडील म्हणाले, "अगं, पोरगी फोनवर हाय."

आईनं फोन उचलला. "आक्काबाई, साचा घ्या म्हणून सांगते मी उद्या. पण पुतळा न्यायला तू भाद्रपदात ये. नवमीला."

अहेव मेलेल्या बाईचं पान पितृपंधरवड्यात नवमीला वाढतात, आणि तिच्या नावानं सवाष्णीला जेवू घालतात, ओटी भरतात. आमच्या घरानं चार पिढ्या थोरलीला अमावास्येला सगळ्यांच्या शेवटी उरकली होती. भटजींना विचारलं तर ते म्हणाले, इतक्या वर्षांनी तिथी बदलायची म्हणजे शास्त्रात बघावं लागेल. आई म्हणाली, "बघा सावकाश. आमी नवमीला करतो."

आक्का आली. पुतळा ब्राँझमध्ये ओतून, घासूनपुसून घरी आलेला होता. थोरला म्हणा, वडील म्हणा, भुवई वर करून खोलीच्या कोपऱ्यात बसला होता. साचा घेतला त्या दिवशी आई वडलांच्या शेजारी बसून होती, त्यांच्या नाकापुढं अधूनमधून हात धरून. वडलांनी शेवटी तो हात झटकला. तरी पुतळा घरात आल्यावर तिनं त्याचं तोंड भिंतीकडं करून ठेवलं. "सवय न्हाय अजून," म्हणाली.

नवमीच्या सकाळी आक्का नऊवारी नेसून पाटावर बसली. लुगडं आईनं नेसवलं. दुसऱ्या बायकोची पणत पहिलीच्या नावानं जेवणार होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळेना की ती रडणार आहे की पळून जाणार आहे. वडील भिंतीला टेकून खुर्चीत. भाऊबंदांच्या बायका दारात दाटीवाटीनं उभ्या. आईनं कासारीण बोलावली होती. हिरवा चुडा भरायचा होता. आक्काचा हात मोठा, हाडं रुंद. कासारणीनं तळहात दाबला, अंगठा आत घेतला, बांगडी चढवली. एक गेली, दुसरी गेली. तिसरी हाडावर अडली. कासारीण म्हणाली, "सैल सोडा हात, बाई." आक्कानं उलट आवळला.

कट्‌.

फुटली म्हणायचं नसतं, वाढवली म्हणायचं असतं. दारातल्या एकीनं तोंडावर पदर घेतला. काचेचा तुकडा उडून वडलांच्या खुर्चीखाली गेला होता. सगळ्यांच्या नजरा आधी तुकड्यावर गेल्या आणि मग हळूहळू वर, वडलांच्या तोंडाकडं. मीही बघत होतो. त्यांची छाती हलतेय का ते बघत होतो.

वडील बावरून सगळ्यांकडं बघत राहिले. "काय झालं?" ते म्हणाले. "जेवायचं न्हाय व्हय?"

आईच्या हातातलं हळदकुंकवाचं तबक कललं. कुंकू कडेवरून थोडं सांडलं. तिनं तबक खाली ठेवलं, आक्काच्या मनगटाला कुठं काच लागली का ते अंगठ्यानं चाचपून पाहिलं आणि कासारणीला म्हणाली, "दुसरी काढ. मोठी बघ."